बाटली ५३-एन

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या गुजरात जिल्ह्यातील मुल्कोवाल या गावी १०७ लोकांनी प्लेगची लस टोचून घेतली. लस मुंबईहून, परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेतून आली होती. त्या दिवशी पाच बाटल्या फोडल्या गेल्या. चार बाटल्यांमधून ज्या ८८ जणांना टोचले, त्यांना काहीही झाले नाही. पाचव्या बाटलीवर ‘५३-एन’ असा क्रमांक होता आणि तिच्यातून १९ जणांना टोचले होते. आठवडाभरात त्या सगळ्यांना धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि एकोणीसच्या एकोणीस दगावले. प्लेगपासून वाचावे म्हणून धडधाकट माणसांनी आपण होऊन दंड पुढे केले होते आणि त्यांचा जीव गेला तो दुसऱ्याच रोगाने. वैद्यकाच्या इतिहासात या घटनेची आठवण निघते ती बहुतेक वेळा लस शोधणारे वाल्देमार हाफकिन यांच्यावर झालेल्या अन्यायाची गोष्ट म्हणून. अन्याय झाला, यात शंका नाही. पण मुल्कोवालच्या चौकशीत याहून मोठी चूक झाली, असे मला वाटते. सरकारने विचारले, दोषी कोण? हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिलेल्यांनीही शेवटी त्याच प्रश्नाचे दुसरे उत्तर दिले. एका बाटलीतून एकोणीस माणसांपर्यंत मृत्यू पोहोचला कसा आणि ती वाट बंद कशी करायची, हा प्रश्न या गदारोळात मागे पडला. रुग्णांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने विचारण्यासारखा प्रश्न तोच होता.

हे समजून घ्यायला सहा वर्षे मागे जावे लागते. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले.   पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गेले. हाफकिन त्या वेळी कलकत्त्यात होते. ओडेसाचे ज्यू, शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत कॉलऱ्याची लस तयार करून १८९३ मध्ये हिंदुस्थानात आलेले. ऑक्टोबर १८९६ मध्ये त्यांना मुंबईस बोलावले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली व तिच्यालगतचा व्हरांडा दिला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. तीनेक महिन्यांत लस तयार झाली आणि १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांपैकी ज्यांनी टोचून घेतले आणि ज्यांनी नाही, असे दोन गट आपोआप झाले. न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. टोचलेल्यांपैकी टोचणीआधीच ज्यांना लागण झाली होती ते वगळले, तर दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले.

हाफकिन यांच्या या सवयीकडे नीट पाहिले पाहिजे, कारण पुढच्या युक्तिवादाचा पाया तिथे आहे. लस चांगली आहे, असे सांगून ते थांबत नसत. टोचलेले आणि न टोचलेले, एकाच घरातले, एकच अन्न खाणारे, एकाच हवेत राहणारे असे शेजारी-शेजारी ठेवून मोजत. १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा गावी प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचली गेली. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना प्लेग झाला आणि ३ मेले. न टोचलेल्या ६४ पैकी २७ जणांना झाला आणि २६ मेले. आजच्या संशोधन-नीतीच्या कसोटीवर हा प्रयोग उतरणार नाही. उरलेल्या निम्म्यांना मुद्दाम लसीविना ठेवणे आणि तुरुंगातल्या माणसाची संमती खरी संमती मानणे, या दोन्हींबद्दल मनात खंत राहतेच. पण उपचाराची गुणवत्ता डॉक्टरच्या कीर्तीवरून ठरवायची नाही, मोजून ठरवायची, हा दंडक या देशात इतक्या स्पष्टपणे घालून देणारी माणसे तेव्हा फार थोडी होती. आणि या मोजणीतून हाती आलेली लस पुष्कळांना वाचवत होती, हे त्यांनी दाखवून दिले होते.

लस ऐच्छिक होती, हेही लक्षात ठेवायला हवे. प्लेगच्या बाकी बंदोबस्तात ऐच्छिक असे काही नव्हते. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्या हाताखाली सोल्जरांनी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या, आजाऱ्यांना उचलून नेले, सामान जाळले. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. दवाखान्यात नेतात म्हणजे मारायला नेतात, अशी भीती घराघरांत बसली होती आणि सुईबद्दलच्या अफवा तर गावोगाव फिरत होत्या. अशा वातावरणात कुणी आपण होऊन टोचून घेत असेल, तर तो सरकारला आणि शास्त्राला एक मोठी गोष्ट उसनी देत होता. ती म्हणजे विश्वास. म्हणूनच मुल्कोवालच्या चौकशीची जबाबदारी एरवीच्या खातेनिहाय चौकशीपेक्षा जड होती. तिच्या निष्कर्षावर एका अधिकाऱ्याची नोकरी अवलंबून होतीच. पुढच्या गावात माणसे पुढे येतील की दारे लावून घेतील, हेही अवलंबून होते.

ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. लस करण्याची मूळ रीत संथ होती. मांसरसात प्लेगचे जंतू वाढवायचे, वर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवायचे म्हणजे त्यांच्या आधाराने जंतूंचे झुपके खाली लोंबत वाढतात. काही आठवडे हे चालू द्यायचे. मग ते द्रावण तासभर तापवून जंतू मारायचे आणि शेवटी अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल घालायचे. १९०२ मध्ये पंजाब सरकारने लाखो लोकांना टोचण्याची मोहीम आखली आणि परळकडे अफाट मागणी झाली. आठवडेच्या आठवडे चालणारी रीत या मागणीला पुरी पडणारी नव्हती. हाफकिन यांनी रसाऐवजी आगर या घट्ट माध्यमावर जंतू वाढवायला सुरुवात केली, उष्णतेनेच जंतू मारायचे ठरवले आणि कार्बोलिक गाळले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतही कार्बोलिकविना केवळ उष्णतेवर विसंबण्याची पद्धत रूढ झाली होती. बाटली ५३-एन या नव्या रीतीची होती. मागणी वरून येते, मुदत कुणी दुसराच ठरवतो आणि कारखान्याने ती कशी पुरवावी हे कारखान्यावर सोडले जाते. अपघाताची पहिली पायरी इथे पडलेली दिसते. पण पुढच्या साऱ्या वादात पंजाब सरकारच्या घाईबद्दल फारसे कुणी बोलले नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स. सदस्य कलकत्ता मेडिकल कॉलेजचे प्राचार्य लेफ्टनंट कर्नल बॉमफर्ड आणि कसौलीच्या पाश्चर संस्थेचे मेजर सेम्पल. आयोगाने असे ठरवले की मुल्कोवालला बाटली उघडण्याआधीच तिच्यात धनुर्वाताचे जंतू गेले होते, म्हणजे दोष परळचा. कार्बोलिक गाळणे ही गंभीर चूक, असा ठपका आला. हाफकिन यांना बाजूला केले गेले आणि १९०४ पर्यंत परळशी त्यांचा संबंध संपला. लस ज्यांनी शोधली, त्यांच्या हाती आता ना प्रयोगशाळा होती ना स्वतःची बाजू मांडण्याची जागा, कारण ज्या साक्षी-पुराव्यावर हा निकाल उभा होता, तो लोकांपुढे आलाच नव्हता. तो प्रसिद्ध व्हायला १९०६ उजाडावे लागले.

कागदपत्रे बाहेर आली तेव्हा त्यांतून वेगळेच चित्र दिसू लागले. टोचण्यापूर्वी बाटलीचे बूच काढायला वापरायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो कार्बोलिकच्या पाण्यात खळबळून त्यानेच पुढचे काम केले गेले. गावातल्या जमिनीत, विशेषतः जिथे गुरे-घोडी वावरतात तिथे, धनुर्वाताचे बीजाणू असतात, हे तेव्हाही ठाऊक होते; आणि ते असल्या ओझरत्या धुण्याने मरत नाहीत, हेही. दुसरी गोष्ट वासाची. धनुर्वाताचे जंतू वाढलेल्या द्रावणाला घाण वास येतो. परळहून निघताना बाटली दूषित असती, तर मधल्या आठवड्यांत जंतू वाढून ती उघडताच वास यायला हवा होता. टोचणाऱ्या डॉक्टरांनी बाटली हुंगून पाहिली होती. वास आला नव्हता. तिसरी गोष्ट मला सर्वांत पटणारी वाटते. बाटलीत जंतू बरेच दिवस वाढले असते, तर त्यांचे विषही द्रावणात साठले असते आणि लक्षणे लवकर दिसली असती. प्रत्यक्षात ती आठवडाभराने दिसली, म्हणजे अंगात तयार विष न जाता थोडे बीजाणू गेले आणि ते शरीरातच वाढले, हे अनुमान जास्त सरळ आहे. रोनाल्ड रॉस यांनी हा पुरावा उचलून धरला. सिकंदराबादेत हिवतापाचा डासाशी संबंध शोधून १९०२ चे नोबेल मिळवलेले रॉस हिंदुस्थान सरकारच्या वैद्यकीय खात्याला आतून ओळखत होते. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये रॉस, सिम्पसन, क्लाइन अशा दहा नामवंत शास्त्रज्ञांनी सह्यांचे पत्र छापले आणि हाफकिन यांच्यावरचा आरोप केवळ सिद्ध न झालेला नसून खोटा ठरलेला आहे, असे सांगितले. त्यानंतर सरकारने हाफकिन यांना पुन्हा नोकरी देऊ केली. ते कलकत्त्याला परतले, पण प्लेगच्या लसीचे काम त्यांच्याकडे पुन्हा आले नाही.

इथे बहुतेक लेखक थांबतात. निर्दोष माणूस, हट्टी सरकार, शेवटी सत्याचा विजय. शिवाय हाफकिन ज्यू असल्याने, खोट्या आरोपावरून एका ज्यू लष्करी अधिकाऱ्याला शिक्षा झालेल्या फ्रान्समधल्या ड्रेफस प्रकरणाशी तुलना होते. या तुलनेत तथ्य नाही असे नाही. इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या डॉक्टरांना आपल्यात नसलेला, वैद्यकाची पदवी नसलेला, रशियन साम्राज्यातून आलेला ज्यू माणूस डोईजड वाटत होता, हे उघड आहे. पण पूर्वग्रहाने एवढेच ठरते की बोट कोणाकडे दाखवले जाईल. बोट दाखवायचेच, हे आधीच ठरलेले होते. न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली, आरोपी आणि साक्षीदार अशा मांडणीने बसलेली चौकशी दुसरे काही शोधूच शकत नव्हती. हाफकिन यांच्या जागी लंडनहून आलेला एखादा इंग्रज डॉक्टर असता, तर ठपका कदाचित खालच्या मदतनिसावर आला असता. बाटली मात्र तशीच राहिली असती.

आणि नेमके तेच हाफकिन यांच्या समर्थकांच्या युक्तिवादातून घडते. परळ निर्दोष ठरले की मुल्कोवालचा चिमटा दोषी ठरतो आणि चिमट्यामागे तो धरणारा हात. हे मला मान्य नाही. शंभरावर माणसे ओळीने उभी आहेत, जागा गावातली उघडी, हाताशी एक चिमटा, आणि तो पडल्यावर दुसरा निर्जंतुक चिमटा घ्यावा तर तशी सोय नाही किंवा ज्वाळेत धरून तो शुद्ध करण्याचे नीट शिक्षण नाही. अशा वेळी माणसाच्या हातून वस्तू पडणारच. आज नाही तर उद्या. पडलेल्या एका चिमट्याने एकोणीस माणसे मरू शकतात, अशी व्यवस्था ज्यांनी आखली, त्यांना हा प्रश्न विचारायला हवा होता. बाटलीत एकच मात्रा असती तर एक माणूस मेला असता, तोही दुःखाचाच भाग. पण एकोणीस मेले नसते. बूच उपटावे न लागता सुई आत जाईल असे झाकण असते, तर चिमट्याचा प्रश्नच आला नसता. हे उपाय परळच्या बाजूचेही नाहीत आणि मुल्कोवालच्या बाजूचेही. ते दोन्हींमधल्या वाटेवरचे आहेत, म्हणून दोन्ही पक्षांच्या नजरेतून सुटले.

कार्बोलिकचा मुद्दाही असाच वाया गेला. कार्बोलिक घातले असते तर ते एकोणीस वाचले असते का? बहुधा नाही. बाटली उघडली आणि लागलीच वापरली; अर्धा टक्का कार्बोलिक इतक्या थोड्या वेळात धनुर्वाताच्या बीजाणूंना मारत नाही. म्हणजे आयोगाचा ठपका त्या घटनेपुरता चुकला. पण आयोगाच्या शंकेत एक मोलाचे बीज होते. ज्या बाटलीत पुन्हा पुन्हा सुई जाणार आहे, तिच्यात जंतूंची वाढ रोखणारे काहीतरी असले पाहिजे. आयोगाने कार्बोलिककडे कारखान्याच्या निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून पाहिले आणि विरोधकांनी तो पुरावा खोडून काढला. मधल्यामध्ये बाटलीचा नियम करायचा राहून गेला. त्याची किंमत पंचवीस वर्षांनी दुसऱ्या टोकाला मोजावी लागली. जानेवारी १९२८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बुंडाबर्ग गावी घटसर्पाच्या लसीच्या एका बाटलीतून २१ मुलांना टोचले. १८ आजारी पडली आणि १२ मेली. त्याच बाटलीतून थोडे दिवस आधी टोचलेल्या मुलांना काही झाले नव्हते. चार्ल्स केलावे यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला आणि त्याने शोध घेतला तो बाटलीच्या प्रवासाचा. पहिल्यांदा वापरल्यानंतर ती ठेवली कुठे, किती उष्णतेत, तिच्यात जंतू वाढू शकतील का, वाढल्यास थांबवणारे द्रव्य आहे का. द्रव्य नव्हते. ज्या जैविक औषधात जंतू वाढू शकतात, ते जंतुरोधक घातल्याशिवाय वारंवार वापरायच्या बाटलीत देऊ नये, अशी शिफारस झाली. दोन्ही चौकश्या सरकारी, दोन्हींपुढे मुकाट मेलेली निरोगी माणसे. एकीतून एका माणसाची बदनामी निघाली, दुसरीतून जगभर उपयोगी पडलेला नियम.

यावर काही आक्षेप येऊ शकतात आणि ते हलके नाहीत. एक असा की १९०२ च्या लोकांना आजच्या समजुतीने जोखणे बरोबर नाही; व्यवस्थेचा दोष वगैरे विचार अलीकडचा आहे. पण फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी इस्पितळातल्या मृत्यूंची आकडेवारी मांडून, सैनिक जखमांनी नव्हे तर घाणीने मरतात, हे दाखवून त्या वेळी चाळीस वर्षे उलटली होती. हत्यारे उकळण्याची, ज्वाळेत धरण्याची रीत शल्यगृहांत आली होती. आणि खुद्द हाफकिन गटागटांची तुलना करून कारण शोधत होते. विचाराची साधने हाताशी होती. ती लस जोखायला वापरली, लस पोहोचवण्याची रीत जोखायला वापरली नाहीत. दुसरा आक्षेप प्रमाणाचा. पंजाबच्या त्या मोहिमेत पाच लाखांच्या आसपास लोकांना टोचले गेले. त्यांत एकोणीस म्हणजे किती? हा हिशेब मांडणाऱ्याला मी इतकेच सांगेन की प्लेगचा धोका माणसाने निवडलेला नसतो, सुईचा निवडलेला असतो. निरोगी माणसाला देण्याच्या औषधाची कसोटी आजाऱ्याच्या औषधाहून कडक असलीच पाहिजे. शिवाय हा हिशेब लोकांनी त्या काळी मानला नाही. मुल्कोवालनंतर पंजाबातली टोचणीची मोहीम ढासळली. १९०७ या एका वर्षात हिंदुस्थानात प्लेगने बारा लाखांहून जास्त माणसे मेली आणि त्यांतली निम्म्याच्या आसपास पंजाबातली होती. टोचणी चालू राहती तर त्यांतली किती वाचली असती, याचे गणित मांडण्याचा मोह मी आवरतो. उंढेऱ्याचे आकडे वाचकांसमोर आहेत.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. ‘दोष व्यवस्थेचा’ म्हटले की कुणालाच जबाबदार धरता येत नाही. ज्यांच्या घरचे माणूस गेले, त्यांनी कोणाकडे पाहायचे? गरिबांच्या बाबतीत तर हा शब्द सोयीचे पांघरूण होतो, हे आपण पाहत आलो आहोत. मी हा आक्षेप मानतो आणि म्हणूनच जबाबदारीची जागा बदलून पाहावी असे म्हणतो. चिमटा हातून पडणे हा गुन्हा नाही. पुरावा १९०६ पर्यंत दाबून ठेवणे ही जाणीवपूर्वक केलेली गोष्ट आहे आणि तिला जबाबदार असणारी माणसे उच्च पदांवर होती. साधनांविना, शिक्षणाविना माणसांना मोहिमेवर धाडणे हाही निर्णय होता आणि तो कुणीतरी सहीनिशी घेतला होता. व्यवस्थेकडे पाहिल्याने जबाबदारी नाहीशी होत नाही. ती हाताखालच्या माणसाकडून निर्णय घेणाऱ्याकडे सरकते. मुल्कोवालच्या वादात ती कधीच तिकडे सरकली नाही.

समतेचा प्रश्नही इथेच आहे. परळची लस परळच्या प्रयोगशाळेत जितकी सुरक्षित होती, तितकी मुल्कोवालच्या अंगणात नव्हती. औषध एकच, पण शहरातल्या दवाखान्यातून गावाकडे जाताना प्रत्येक टप्प्यावर हात कमी शिकलेला, साधन कमी, पाणी कमी, देखरेख कमी. साखळी तुटते ती शेवटच्या कडीशी, आणि त्या कडीला धरून उभी असतात ती ज्यांना दुसरा पर्याय नाही अशी माणसे. हे जुने झालेले नाही. २०१७ मध्ये दक्षिण सुदानच्या एका दुर्गम भागात गोवराच्या लसीकरणात १५ मुले दगावली. चार दिवस एकच सिरिंज सगळ्यांना वापरली होती आणि लस थंड ठेवण्याची सोय नव्हती. लसीत दोष नव्हता. मुल्कोवालच्या एकोणीस जणांबद्दल तर आणखी एक गोष्ट सलते. हाफकिन यांच्या चरित्रांतून, ‘टाइम्स’च्या पत्रांतून, सरकारी खलित्यांवरच्या टीकेतून ते ‘एकोणीस’ म्हणूनच येतात. त्यांत किती बायका होत्या, किती मुले, मागे कोण राहिले, त्यांना सरकारने काही दिले का, हे त्या थोर वादाला महत्त्वाचे वाटले नाही. शास्त्रज्ञाच्या अब्रूसाठी दहा नामवंत सह्या जमल्या. त्या गावासाठी एकही नाही. रॉस यांच्याबद्दलच्या आदरात उणेपणा न आणता हे म्हणता येते आणि म्हटले पाहिजे.

पुढे या लसीने आपले काम केले. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये लोझानला त्यांचे निधन झाले तेव्हा ते नाव इमारतीवर होते. सन्मान झाला आणि तो योग्यच होता. पण चौकशीची जी रीत मुल्कोवालने घालून दिली, ती आपल्याकडे अजून चालू आहे. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशु कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता कक्षातल्या आगीत अकरा रुग्ण गेले. दोन्ही ठिकाणी डॉक्टर आणि परिचारिकांचे निलंबन झाले, गुन्हे दाखल झाले. विजेची तारजोडणी, धूरसूचक यंत्रे, पाण्याचे फवारे, बाहेर पडायचा दुसरा दरवाजा यांचे निर्णय रात्रपाळीची परिचारिका घेत नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. आपल्या जिल्ह्यात, तालुक्यात लस टोचल्यावर, सलाइन लावल्यावर किंवा इस्पितळातल्या दुर्घटनेत माणसे दगावल्याची बातमी येईल, तेव्हा निलंबित कोण झाले, एवढे वाचून पान उलटू नका. चौकशीचा पूर्ण अहवाल, साक्षी-पुराव्यासह, मराठीत आणि ठरलेल्या मुदतीत प्रसिद्ध व्हावा, अशी मागणी लोकप्रतिनिधीकडे लेखी करा. आणि त्या अहवालात काय बदलले, कधीपर्यंत बदलणार, त्यासाठी पैसे कुणी मंजूर केले, हे लिहिलेले नसेल तर तो अहवाल अपुरा आहे, असे कळवा.